परतीची मूठ

वैशाख सरत आला की कोल्हापुरात लोक एकमेकांना आंब्याचे भाव विचारू लागतात आणि मला ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागतो. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा वास येण्याचं काहीच कारण नाही. घरात गोणपाट नाही. दारातलं पायपुसणंसुद्धा प्लॅस्टिकचं आहे आणि त्यावर इंग्रजीत स्वागत छापलेलं आहे. तरी वास येतो. आंबूस, कोंदट, निम्मा मातीचा आणि निम्मा ज्यूटचा. मग एकदोन दिवसांत फोन वाजतो.

"भावजी, गोणपाटं भिजवलीत. रविवारी उघडायची. मोजणीला येताय न्हवं?"

"वहिनी, ऊन केवढं आहे."

"ऊन आमच्यात पण हाय की. छत्री घेऊन या."

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. आमचं गाव कागलच्या पुढे, गडहिंग्लजच्या वाटेवर आहे. दादा बाराही महिने दूध संस्थेच्या राजकारणात असतो, त्यामुळे शेती वहिनी करतात. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल लोक काय काय लिहून ठेवतात ते वाचण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलाही कागद मी आधी उलटा करून बघतो. गावात माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की मला खुर्ची मिळते.

गोणपाटाची पद्धत अशी. मागच्या सुगीत राखून ठेवलेलं सोयाबीनचं बी उगवेल का, हे पेरणीआधी कळलं पाहिजे. म्हणून प्रत्येक घर आपल्या बियातले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत मांडतं, त्याची वळकटी करतं आणि दूध संस्थेच्या कट्ट्यावर सावलीत आणून ठेवतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांनी सगळ्या वळकट्या एकदम उघडायच्या. आणि मुख्य नियम, आपल्या बियाची उगवण आपण मोजायची नाही, ती बांधाच्या शेजाऱ्यानं मोजायची. हा नियम कुणी घातला ते कुणालाच माहीत नाही, पण ज्यानं घातला त्याला माणूस चांगला कळला होता. जगातल्या बहुतेक संस्था विश्वासावर उभ्या आहेत असं त्यांच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आमच्या गावातली ही एकच संस्था उघड उघड संशयावर उभी आहे. तिला अध्यक्ष नाही, वर्धापनदिन नाही, आणि म्हणूनच बहुधा ती टिकली आहे.

यंदाचा फोन ठेवला आणि काही वर्षांपूर्वीचा एक वैशाख आठवला. तो आठवायचा तर त्याच्या आधीच्या सुगीपासून आठवावा लागतो.

आमच्याकडे कापणीच्या हंगामाला सुगी म्हणतात. हा शब्द सीमेपलीकडून, कन्नडातून आला. तो वापरताना त्याला कुणी पासपोर्ट विचारला नाही, आणि शब्द आमचा आहे, घरात ठेवू नका, असं सांगायला पलीकडूनही कुणी आलं नाही. सोयाबीनच्या सुगीत सगळं शिवार तपकिरी होतं. दुपारी उन्हाचा तडाखा वाढला की वाळलेल्या शेंगा आपोआप तडकतात. शेजारून जाताना बारीक टाळ्या वाजल्यासारखा आवाज येतो. कापणाऱ्या बायका म्हणूनच पहाटे वावरात उतरतात, कारण दुपारी हात लावला की निम्मं पीक जमिनीला. मळणीचं मशीन सुरू झालं की भुसकटाची धूळ कॉलरच्या आत शिरते आणि मान दिवाळीपर्यंत खाजते. ऊबदार भुसकटाच्या ढिगावर गावातली कुत्री पाय वर करून झोपतात. लांबून उसाला आलेले तुरे हलताना दिसतात. हवेत दसऱ्याच्या झेंडूचा आणि डिझेलचा असा एक मिश्र वास असतो, आणि तो मला कुठल्याही धूपापेक्षा प्रामाणिक वाटत आला आहे.

बियाचं सोयाबीन मात्र मशीनमध्ये घालत नाहीत. त्याचं साल तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं असतं. जोराचा फटका बसला की दाणा दिसायला चांगला, पण आतून मेलेला. म्हणून तो वाटा बाजूला काढून ताडपत्रीवर काठीनं हलकेच बडवतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवतात आणि पोत्यात भरून गार, वारा खेळणाऱ्या जागी ठेवतात. पोतं आपटायचं नाही. त्यावर दुसरं काही रचायचं नाही. अख्ख्या घरात एवढी बडदास्त फक्त जावयाची आणि या पोत्याची होते.

त्या सुगीत गावात मंडप उभा राहिला.

एका बियाणं कंपनीनं त्या वर्षी नवं सोयाबीन दिलं होतं. गावातल्या बऱ्याच जणांनी ते पेरलं, वहिनींनीही पेरलं. पीक चांगलं आलं, यात शंका नाही. दुकानदार पिशवी देताना कानात सांगायचा की हे बाहेरच्या देशातलं तंत्र आहे, तणनाशक मारलं तर गवत मरतं पण पीक मरत नाही. पिशवीवर असं काही छापलेलं नव्हतं. पिशवीवर एक गोरापान शेतकरी होता, त्याच्या पायाला चिखल नव्हता, आणि त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पेटंट' असा शब्द होता. एवढाच शब्द. कशाचं, कुणी दिलेलं, किती दिवसांचं, काही नाही.

तर सुगी झाल्यावर 'विक्रमी उत्पादन कृतज्ञता सोहळा' झाला. हलगीच्या कडकडाटात फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर आला. मला वाटलं मंत्री येताहेत. ट्रॅक्टरवर बियाणाची एक पिशवी होती. सुवासिनींनी पिशवीला ओवाळलं. आयुष्यात मी पुष्कळ पोकळ सत्कार पाहिले, चार-दोन स्वतःचेही करून घेतले, पण पिशवीचा सत्कार पहिल्यांदाच पाहत होतो. निदान ती भरलेली तरी होती.

मग फेटे बांधले गेले. गुलाबी शर्टातले कंपनीचे साहेब बोलायला उभे राहिले. शेतकरी राजा आहे, मायबाप आहे, अन्नदाता आहे, असं त्यांनी सांगितलं. एकाच माणसाला इतकी बिरुदं एकदम मिळू लागली की मी त्याच्या खिशाकडे बघतो. त्यानंतर साहेब मुद्द्यावर आले. या बियाणाच्या आत मोठ्या संशोधनातून आलेलं तंत्र आहे, ते कंपनीच्या मालकीचं आहे. तेव्हा राजानं, म्हणजे शेतकऱ्यानं, यातला एक दाणाही घरी ठेवायचा नाही, पुन्हा पेरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. दर वर्षी नवी पिशवी.

मी खुर्चीतून विचारलं, "साहेब, हे जनुक बदललेलं बियाणं आहे का? कारण आपल्याकडे शेतात लावायला परवानगी आहे ती तसल्या फक्त कापसाला."

साहेब हसले. "सर, हे जनुक-प्रेरित आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रेरणा तिथलीच आहे, सर."

टाळ्या पडल्या. कुणाला काही कळलं नाही की टाळ्या जोरात पडतात, हे मी कॉलेजात असल्यापासून जाणतो.

नंतर शपथ झाली. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. मागच्या बाजूला एक हात मांडीवरच राहिला. तो यशवंत कांबळेचा होता. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे कंडक्टरच म्हणतात. त्याचं शेत वहिनींच्या शेताला लागून.

"मागचे काका, हात?" माइकवरून विचारणा झाली.

"शपथा आमच्या घरात बावीस हायत, साहेब," कंडक्टर बसल्या जागेवरून ओरडला. एसटीत आयुष्य घालवल्यामुळे त्याला माइक लागत नाही. "छप्पन साली बापानं धम्म घेतला तवाच्या. त्या पाळता पाळता माझं वय झालं. तेविसावीला जागा न्हाई."

लोक हसले, हात मात्र कुणी खाली घेतला नाही. आणि वहिनींचा हात तर सगळ्यांत वर होता, कारण त्यांना स्टेजवर नेलं होतं. शाल, नारळ, 'प्रगतशील भगिनी' असं सन्मानचिन्ह. हात वर करून शपथ घेतानाचा त्यांचा फोटो निघाला आणि आठवड्याभरात तो एसटीच्या थांब्यावर माणसाएवढ्या पोस्टरवर झळकला. खाली लिहिलं होतं, 'मी शपथ घेतली. तुम्ही?'

"फोटो बरा आलाय का?" वहिनींनी मला फोनवर विचारलं.

"बरा आहे. पण यापुढं गावात तुमच्याकडंच सगळ्यांचं लक्ष राहणार."

"ते कशाला?"

शपथ घेऊन घरी गेलेल्या एकूण एक माणसानं बियाचं पोतं राखून ठेवलं, हे वेगळं सांगायला नको. वहिनींनीही ठेवलं. यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. शपथ ही मंडपातली गोष्ट होती आणि पोतं घरातली. सुगी झाली की आधी बियाचा वाटा काढायचा, मग बाकीचं विकायचं, हे इतकं जुनं आहे की ते नियम म्हणूनही कुणाच्या लक्षात येत नाही. जेवल्यावर हात धुतो तसं ते आहे. आणि हा एक फार मोठा हक्क आहे असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला पाणी पाजून, सावलीत बसवून, उन्हानं त्रास झाला काय म्हणून विचारलं असतं.

मी कोल्हापुरात परतल्यावर वाचत बसलो. वाचल्यावर कळलं की कापसाच्या बाबतीत कुणाला शपथ घ्यायला लावायची फारशी गरजच पडत नाही. ते बियाणं संकरित असतं, राखून पेरलं तर दुसऱ्या वर्षी पहिल्यासारखं येत नाही. म्हणजे कुलूप बियाच्या आतच आहे. सोयाबीन मात्र सरळ वाणाचं पीक, जसा बाप तसा लेक. त्याच्या आत कुलूप नाही, म्हणून ते माणसाच्या डोक्यात बसवावं लागतं. त्यासाठीच मंडप, हलगी आणि पोस्टर. आणि कायदा? आपल्या देशात बियाला पेटंट मिळत नाही. शेतकऱ्यानं आपल्या शेतातलं बी राखावं, पुन्हा पेरावं, बदलावं, वाटावं, विकावंसुद्धा, अशी कायद्यात सरळ मोकळीक आहे. कंपनीच्या छापील नावानं पिशवीत भरून विकू नये, एवढंच. कायदा इतका चांगला निघाला की मला त्याचाच संशय आला. मी तो दोनदा वाचला. नंतर गावी गेलो तेव्हा वहिनींना वाचून दाखवला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कायदा तुमच्या कपाटात हाय, भावजी," त्या म्हणाल्या. "पोस्टर माझं लागलंय."

कारण तोवर थंडीत एक जीप येऊन गेली होती. कुणीतरी उतरून दोनचार घरांचे फोटो काढले होते. ती कंपनीची होती, विजेची होती, की कुणाची सोयरीक बघायला आली होती, हे आजतागायत कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गावात बातम्या पिकू लागल्या, आणि त्यांच्या बियाण्यावर कुणाची मालकी नसल्यामुळे त्या भरपूर पिकल्या. घराघरांत झडती होणार म्हणे. ड्रोन येणार, ते कौलातून आतलं बघतं म्हणे. एका दाण्यावरून कंपनीला घर ओळखता येतं म्हणे. ज्याच्या घरी बी सापडेल त्याला नोटीस, आणि जिनं शपथ घेऊन मोडली तिचा फोटो असाच राहील, फक्त खालची अक्षरं बदलतील. हे शेवटचं कुणीतरी खास वहिनींच्या ओसरीवर येऊन सांगून गेलं.

कंडक्टर तेवढा हसत होता. त्यानं पावसाळ्यातच आपल्या शेताच्या कोपऱ्यात दोन सऱ्यांवर तणनाशक मारून बघितलं होतं. "बिनतिकीट मानूस चेहऱ्यावरनं कळत न्हाई, तपासायला लागतंय," हे त्याचं एसटीतलं तत्त्व. तपासल्यावर काय झालं ते तो कट्ट्यावर सगळ्यांना सांगत होता. "गवात पण मेलं, सोयाबीन पण मेलं. दोघांस्नी एकच न्याय. कसलं जनुक आन् कसलं काय. साधं सोयाबीन हाय ते, निस्तं झगामगा कपडं घालून आलंय."

यावर विश्वास ठेवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण कट्ट्यावरच्या एकानं विचारलं, "जल्मभर सुट्टं न्हाई म्हणून सांगत आलास, आन् आता तुझं खरं मानू व्हय?" दुसरा म्हणाला, याला दुसऱ्या कंपनीनं फितवला असणार, नाहीतर हा शपथ का घेत नव्हता? आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं की हा माणूस इतका निर्धास्त आहे, त्या अर्थी काहीतरी आहे. संशयाची ही एक गंमत आहे. तो मोठ्या माणसाकडे जायला निघतो आणि जवळच्या माणसापाशी मुक्कामाला थांबतो.

याच दिवसांत शहरात बियाणं वाचवणाऱ्यांचा एक महोत्सवही भरला होता. मी गेलो. हातमागाचे कुडते, मातीच्या पणत्या, आणि छोट्या छोट्या बाटल्यांत भरलेली देशी बियाणी. बाटलीला सुतळीची गाठ आणि सुंदर अक्षरात किंमत. एका विदुषींनी 'बीज म्हणजे आपली स्मृती' असं सांगितलं. टाळ्या इथेही जोरात पडल्या. मी एका तरुणाला विचारलं, या बाटलीतलं उगवतं का? तो म्हणाला, "काका, हे प्रतीकात्मक आहे." म्हणजे मंडप इकडचा असो की तिकडचा, बी उगवायची जबाबदारी स्टेजवर कुणी घेत नाही.

मग तो वैशाख आला. कट्ट्यावर वळकट्या लागल्या. मी खुर्चीत बसलो. संस्थेच्या कट्ट्यावर दुधाच्या कॅनचा आंबट वास असतो, त्यात ओल्या गोणपाटाचा वास मिसळला की सुट्टी लागल्यासारखं वाटतं. पहिली वळकटी उघडली. शंभर दाणे जसे ठेवले तसेच होते, फक्त फुगलेले आणि काळपट. बोट लावलं की पिठासारखे पसरत होते. दुसरी उघडली. तेच. तिसऱ्या वळकटीतून वास आला तो बियाचा नव्हता, शिळ्या आमटीचा होता. चौथी उघडेपर्यंत लोक आपापल्या वळकटीकडे बघू लागले.

"कंपनीनं दगा दिला," कुणीतरी म्हणालं.

"दुसऱ्या साली उगवू नये म्हणून आत औषध घातलं असणार."

"तरीच म्हणत हुते, घरात ठेवू नगा."

असं बियाणं जगात कुठेतरी करायचा विचार झाला होता, हे मी वाचलेलं होतं. त्यामुळे मी लगेच मान हलवली. वाचलेल्या माणसाला वाईट बातमी खरी व्हायला लागली की आतून एक गुदगुली होते, ती मला झाली. आपण म्हणालोच होतो! काय म्हणालो होतो ते नीट आठवत नव्हतं, पण म्हणालो होतो.

वहिनींच्या वळकटीपाशी कंडक्टर उकिडवा बसला. बांधाचा शेजारी म्हणून मोजायचं काम त्याचं. त्यानं गोणपाट सावकाश उलगडलं. ओळी नीट होत्या, वहिनींच्या हाताच्या. त्यानं एकेका ओळीवरून बोट फिरवलं, मग परत फिरवलं. तो मुद्दाम वेळ लावत होता असं मला वाटलं. शेवटी म्हणाला, "चार."

"शंभरात?" वहिनींनी विचारलं.

"व्हय. चौथं पण जरा लंगडंच हाय."

वहिनींनी गोणपाट परत गुंडाळलं. आमच्या घराण्याकडे गावानं बी मागायला यायचं, ही पिढ्यांची रीत. पावसानं ओढ दिली, पेरलेलं गेलं, की लोक पोतं घेऊन आमच्या दारात यायचे. आमच्या घरातून कुणी बी मागायला गेल्याचं कुणी सांगितलेलं नाही, आणि आमच्या घरात सांगण्यासारख्या गोष्टी सांगायच्या राहत नाहीत. आता पेरणी तोंडावर आली होती. एक वाट बाजारातून नवी पिशवी आणायची होती. म्हणजे पुन्हा मंडप, पुन्हा शपथ, आणि पोस्टर खरं ठरणार.

मग त्या उठल्या आणि कंडक्टरच्या वळकटीपाशी बसल्या. नियम तो नियम, त्याची उगवण त्यांनी मोजायची होती. गोणपाट उलगडलं आणि सगळे पुढे वाकले. पांढरे, टपोरे, नाक वर काढलेले मोड. ओळीच्या ओळी. वहिनी मोठ्यानं मोजू लागल्या, पण आकडा जसा चढत गेला तसा आवाज खाली जात राहिला. ऐंशीच्या पुढे त्या नुसत्या ओठ हलवत होत्या.

बियाणं तेच, दुकानही तेच. माझा सिद्धांत तिथेच, त्या गोणपाटावर आडवा झाला.

"व्हय रं," कंडक्टरनं सगळ्यांकडे बघत विचारलं, "तुमी ठेवलं कुठं हुतं?"

 मग एकेक जण बोलू लागला. एकानं पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलं होतं, जिथे उन्हाळ्यात पापड विस्तवाशिवाय भाजतील. दुसऱ्यानं भाताच्या पिंजराच्या गंजीत पुरलं होतं. तिसऱ्यानं कीटकनाशकाच्या रिकाम्या ड्रममध्ये. वहिनींनी बी निळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, वर कपडे टाकून न्हाणीत ठेवलं होतं. रोज पहाटे पेटणाऱ्या बंबाला लागून. झडतीला येणारा माणूस न्हाणीत शिरणार नाही, हा हिशेब. तो माणूस आला नाही, वाफ मात्र रोज येत राहिली.

"माझं तर सोप्यात हुतं," कंडक्टर म्हणाला. "दारात. येणारा-जाणारा बघत हुता. मी काय चोरी केली हुती व्हय, लपवायला?"

 ज्यांनी पिढ्यान् पिढ्या बी जपलं, त्यांनीच ते एका हिवाळ्यात भीतीनं उकडून, कोंडून, नासवून टाकलं होतं. कंपनीला काही करावं लागलं नव्हतं. एक शब्द छापला, तेवढं पुरलं. मी घरी आलो तर सोहळ्यातला नारळ वहिनींच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या कोपऱ्यात विसरून पडलेला. त्याला हिरवागार कोंब आला होता. सत्कारातली तेवढी एकच वस्तू जिवंत निघाली, आणि तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं.

"बाजारातनं आणू की नवीन," दादा रात्री जेवताना म्हणाला.

"आन् परत हात वर करू?" वहिनी म्हणाल्या. "तुमी करा. तुमाला सवय हाय."

आता परतीच्या मुठीविषयी सांगायला हवं. बी देण्याघेण्याची आमच्या गावात एक रीत आहे. बी घेणाऱ्यानं आपलं पोतं भरून झालं की त्यातली एक मूठ काढून देणाऱ्याच्या पोत्यात परत टाकायची. देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून. ती मूठ टाकल्याशिवाय घेणाऱ्यानं पोत्याचं तोंड बांधायचं नाही. देण्याघेण्यात बाकी काहीही राहो, मूठ त्या जागीच पडते आणि त्या एका क्षणापुरते दोघंही देणारे होतात.

आमच्या घरात एक गोष्ट मोठेपणा म्हणून सांगत. कंडक्टरचे वडील आपल्या वतनाच्या जमिनीच्या पट्टीसाठी जोंधळ्याचं बी न्यायला यायचे. आमच्याकडून अंगणात, वरून त्यांच्या धोतराच्या सोग्यात बी ओतलं जायचं, आणि ते मूठ भरून पुढे आले की आमचे थोरले म्हणायचे, "राहू दे, मूठ राहू दे." बघा, केवढं मन! गरिबाची मूठसुद्धा घेतली नाही. ही गोष्ट ऐकताना सगळे माना डोलवायचे. मी इतिहासाचा माणूस. दुसऱ्यांच्या दानपत्रांमागे काय आहे ते शोधत राहिलो, आणि घरचं दानपत्र उलटं करून बघायला मला उशीर झाला. त्यांची मूठ आमच्या पोत्यात पडायला नको होती, एवढंच त्या मनात होतं. कंपनी म्हणाली, कुणी कुणाला द्यायचं नाही. आम्ही म्हणत होतो, आम्ही देऊ, पण तुमचं घेणार नाही. मालकी मिरवायच्या या दोन तऱ्हा. आमच्या तऱ्हेला पिशवी नव्हती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी रिकामं पोतं काखेत मारलं आणि मला म्हणाल्या, "चला."

कंडक्टरचं घर एसटीच्या थांब्यासमोर. आयुष्यभर एसटी, आता दारातही एसटी. सोप्यात बियाची पोती होती, आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी त्याचं जुनं तिकिटाचं पाकीट खुंटीला. सोप्यातून बाहेर बघितलं की समोर पोस्टर. त्यावर वहिनी हात वर करून उभ्या होत्या. 'मी शपथ घेतली. तुम्ही?' थांब्यावर कागलच्या गाडीची वाट बघणारी आठदहा माणसं होती आणि ती सगळी गाडीची दिशा सोडून सोप्याकडे बघत होती. लपवालपवी करून झाली होती. आता जे होणार ते भर रस्त्यावर.

"या वहिनीसाब. या सर. च्या टाका गं," कंडक्टरनं आत हाक दिली.

"च्या नंतर," वहिनी म्हणाल्या. "बी पायजे हुतं. सुगीला परत करीन."

हे वाक्य आमच्या घराण्यात पहिल्यांदा उच्चारलं जात होतं, पण तसं काही झाल्याचं कंडक्टरनं दाखवलं नाही. त्यानं पोतं उघडलं, मापानं भरून घातलं, शेवटच्या मापाला वर शीग राहू दिली. दाणे पोत्यात पडताना खसखस असा आवाज येत होता. थांब्यावरून कुणीतरी ओरडलं, "वहिनी, फोटो काढू काय? पयल्या फोटोशेजारी लावाय!" वहिनींनी तिकडे वळूनही बघितलं नाही. पण कान लाल झाले होते.

माप संपलं. वहिनींनी आपल्या पोत्यात हात घातला. मी कंडक्टरकडे बघत होतो. आता हा काय म्हणणार? मला खात्री होती की तो म्हणणार, 'राहू द्या, मूठ राहू द्या.' शब्द तयार होते, त्याच्या वडलांनी आमच्या अंगणात ऐकलेले. ते त्यानं आमच्या पदरात टाकले असते तर मी त्याला दोष दिला नसता. वहिनींच्या मनातही तेच असावं, कारण त्यांनी घाईघाईनं हात बाहेर काढला, त्याच्या पोत्यावर नेला, चार दाणे टाकल्यासारखे टाकले आणि आपल्या पोत्याचं तोंड बांधायला सुतळी उचलली.

"थांबा," कंडक्टर म्हणाला.

त्यानं खाली वाकून आपल्या पोत्यात बघितलं. खुंटीवरच्या पाकिटात सुट्टे आहेत का बघावं तसं.  मग त्यानं दोन्ही हातांनी आपल्या पोत्याचं तोंड ताणून मोठं केलं आणि ते वहिनींच्या समोर धरलं.

"अर्ध्या तिकिटाचं तुमचं वय न्हाई, वहिनीसाब," तो म्हणाला. "पुरी मूठ टाका."